डब्याचं दैवत आणि तहानलेले पेरू

मित्रांनो, राहात्याजवळच्या पेरूबागेत बाभळीला टेकून उभं असलेलं ते झिजकं खोरं दिसतंय ना? तेच मी. पातं अर्धं उरलं आहे, पण चौकशा करायची माझी खोड काही गेली नाही.

लोहाराने मला घडवून रंगनाथच्या हाती दिलं. आमचं काम दारं धरण्याचं. एक वाफा भरला की माती ओढून त्याची वाट बुजवायची आणि पुढच्या वाफ्याची उघडायची. वर्षानुवर्षं चिखलात वाकून रंगनाथची कंबर धरली. "तुझ्याबिगर माझं पान हालत न्हाई," असं तो मला धुताना म्हणायचा. तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

नव्वदच्या दशकात थेंब थेंब पाणी देणाऱ्या नळ्या आल्या. रंगनाथची बायको लंकाबाई हौशी. तिने एका कंपनीच्या माणसाकडून, चाचणीसाठी म्हणून, लाल आकड्यांचा एक डबा बसवून घेतला. त्याची सळई पलीकडच्या ओळीत रोवली होती. तिला माती कोरडी लागली की डबा आपणच मोटार सुरू करी आणि ओली लागली की बंद. माझी रवानगी बाभळीखाली झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नजर सारखी त्या आकड्यांकडे जाई. याला हात नाहीत, पाय नाहीत, मग मातीची तहान कळते कशी?

"ह्यो बहार गेला, तर डबा बी गेला," रंगनाथने बजावलं होतं. म्हणजे त्याची दुखरी कंबर पुन्हा चिखलात. लंकाबाईला तीच धास्ती होती.

आणि पेरू सुपारीएवढे झाले नाहीत तोच गळू लागले. पानं मलूल झाली. डबा मात्र माती ओलीचिंब असल्याचंच सांगत होता.

"तुझ्या डब्याला पानी दिसतं, झाडाला न्हाई," रंगनाथ करवादला. "काढ त्यो!"

"थांबा हो. आदी ते खोरं द्या."

तिने मला झाडाखाली मारलं. खडखडीत माती! मग सळईपाशी खणलं, तर तिथे चिखल. लंकाबाईने जीभ चावली.

"अगं बाई! रोज आंगुळ झाली की मीच हितं तांब्याभर पानी घालती. नवं दैवत, म्हनून!"

रंगनाथ कंबर धरून हसला. "देव रोज न्हातोय आन् बाग तहानली!"

त्याने धावत जाऊन मोटार हाताने सुरू केली. पुष्कळ फळं गेली, पण उरलेली तगली. डबाही राहिला. आता दर बाजारच्या दिवशी लंकाबाई माझ्याकडून झाडाखाली वीतभर खणून घेते आणि मगच डब्याचा आकडा वाचते. डब्याशी माझंही बरं जमलं आहे.

मित्रांनो, नवं यंत्र आलं की त्याला हात जोडून मोकळे होऊ नका. त्याला सांभाळा, त्याची चौकशी करा आणि त्याच्या बोलण्याची शहानिशा करायला एखादं जुनं खोरंही जवळ ठेवा. त्या वर्षी खंडेनवमीला लंकाबाईने आम्हां दोघांना शेजारी मांडलं. डब्यावर नुसतं कोरडं फूल ठेवलं. कुंकवाचं ओलं बोट मात्र माझ्या पात्यावर उमटलं.