रफूवाल्या काकूंचं दाट रक्त

मित्रांनो, मी एक जुना गरगऱ्या आहे. कारखान्यात मला चांगलं लांबलचक नाव दिलं होतं, पण इस्पितळातल्या मावशींनी मला फिरताना पाहिलं आणि हेच नाव चिकटवून टाकलं.

माझ्या पोटात एक वाटी आहे. माणसाच्या एका हातातून रक्त माझ्याकडे येतं. वाटी गरगरते, तशा रक्ताच्या पेशी एका बाजूला जातात आणि पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, दुसऱ्या बाजूला राहतो. तो मी पिशवीत काढतो, त्याच्या जागी स्वच्छ द्राव घालतो आणि पेशी दुसऱ्या हातातून परत पाठवतो. दोन-अडीच तास हवेचा एक बुडबुडासुद्धा आत जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला माझेच पाय लटपटायचे, म्हणजे चाकं!

माझ्या उमेदीच्या काळात रफूवाल्या काकू आल्या. फाटक्या कोटाला, शालीला त्या असा रफू करत की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. पण दोन महिने त्यांना सुईत दोरा ओवता येईना. नाकातून रक्त येई. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. बिघडलेल्या पेशी एक प्रथिन वारेमाप बनवत होत्या, आणि त्यानं रक्त मधासारखं दाट झालं होतं. डोळ्यांच्या बारीक नसांतून ते सरकेना, म्हणून अंधुक दिसे. निरोगी माणसात त्या प्रथिनाचा आकडा दोनच्या आसपास असतो. काकूंचा साठ होता.

"सगळं रक्त काढून घेणार का गं हा?" काकूंनी नर्सताईंना विचारलं.

"नाही हो काकू. जेवढं काढतो तेवढं भरतो. हिशेबाला पक्का आहे."

मी हळूहळू फिरू लागलो. तासाभरानं काकू सारख्या ओठांवरून जीभ फिरवू लागल्या. माझ्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, पण ताईंनी विचारलंच, "ओठांना मुंग्या येतायत का?" काकूंनी होकारार्थी मान हलवली. रक्त गोठू नये म्हणून मी त्यात जे मिसळतो, त्यानं कधीकधी असं होतं. ताईंनी माझा वेग कमी केला, त्यांना कॅल्शियम दिलं आणि मुंग्या जाईपर्यंत त्यांचा हात हातात धरून बसल्या. मला हात नाहीत, याचं त्या दिवशी वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेनंतर आकडा बावीसवर आला. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पावणेबारा झाले की." सोबत आलेली त्यांची लेक रडूच लागली.

"म्हणजे आई बरी झाली ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "बनलेलं प्रथिन काढलंय. बनवणाऱ्या पेशी आत तशाच आहेत. त्यांच्यासाठी औषधं सुरू करावी लागतील."

औषधांचं नाव काढताच काकूंचा चेहरा उतरला. "आता दिसतंय ना मला? मग कशाला?" असं म्हणून त्या घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी लेक त्यांना हाताला धरून घेऊन आली. आकडा पुन्हा चाळीस. मला वाटलं, मीच कमी पडलो.

काकूंनी माझ्यावर हात ठेवला. मग ताईंना म्हणाल्या, "शालीला लोकर खाणारी कसर लागली की आधी कसर घालवायची, मग रफू. जन्मभर लोकांना हेच सांगत आले. द्या ती औषधं."

मी पुन्हा फिरलो, आणि या वेळी औषधंही सोबत होती. केस विरळ झाले, अन्न नकोसं झालं, पण आकडा खाली येत गेला. सात महिन्यांनी तो चारवर आला आणि तिथंच राहिला. त्यानंतर सहा वर्षं काकूंनी काम केलं.

आता नवं यंत्र आलंय. मी कोठीच्या खोलीत असतो. महिन्यातून एकदा मावशी माझी धूळ पुसतात आणि म्हणतात, "काय रे गरगऱ्या, कंटाळलास?"

खरं सांगू? कंटाळत नाही, काकूंची लेक आठवते. तिनं एकदा विचारलं होतं, "तो स्वच्छ द्राव कुठून येतो?"

"माणसांनी दान केलेल्या रक्तातून," ताई म्हणाल्या.

लेकीनं तिथल्या तिथे बाही वर केली होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना पुसा, तपासा, जपा. आकडा उतरला म्हणून कुणाला औषध टाळू देऊ नका. आणि मोठे झालात की रक्त द्या. इतकी वर्षं मी कितीतरी लोकांचं रक्त फिरवलं, पण त्यातला एक थेंबही मला बनवता आला नाही. तो फक्त तुम्हालाच बनवता येतो.