बोलायचं माप

शिंपीणबाईंनी बँकेतल्या मॅनेजरबाईंच्या कमरेभोवती टेप फिरवली, टोकं जुळवली आणि दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं, "बत्तीस!"

वहीत लिहिलं, अडतीस.

मॅनेजरबाई तरंगत बाहेर पडल्या.

बारा वर्षांपूर्वी शिंपीणबाईंनी एका शिक्षिकाबाईंचं खरं माप मोठ्यांदा सांगितलं होतं. दाराशी स्कूटरवर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने विचारलं, "ड्रेस शिवताय की टाकीला कव्हर?" सगळे हसले. सगळ्यात जास्त हसल्या त्या शिक्षिकाबाईच. पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून तोंडी माप सहा इंच कमी. आता बायका दोन बस बदलून येत. कपडे अंगाला चोख बसत आणि याचं कुणालाच नवल वाटत नसे.

मागे शिंपीणबाईंची मुलगी काजं करत बसली होती. तिला नोकरी लागली होती, आणि नोकरीसाठी शिवलेला कुर्ता शिंपीणबाई तिसऱ्यांदा आत घेत होत्या.

"अगं, खिशाला खिसा भेटायला आलाय. जेवतेस ना?"

"जेवते."

"काय जेवतेस?"

मुलीने दाताने दोरा तोडला.

"तेहतीस होते मी. अख्ख्या वसाहतीत एकटी."

"कोण म्हणालं?"

"तूच. रोज. बत्तीसच्या वर कुणाचं माप ऐकलंय का मी कधी? आत्ताच्या त्या मॅनेजरबाईंचंसुद्धा नाही!"

मशीनच्या चाकावरचा शिंपीणबाईंचा हात थांबला. त्यांनी वही ओढली आणि मुलीच्या मांडीवर उघडून ठेवली.

अडतीस. सदतीस. छत्तीस. मुलगी ओळीखाली बोट धरून वाचत गेली, पहिलीत वाचायची तसं, ओठ हलवत.

"बघितलंस? बोलायचं माप वेगळं असतं, बाळा. सहा कमी. बायकांना बरं वाटावं म्हणून. तू आपली उगाच... ऊठ, इकडे ये."

त्यांनी मुलीच्या कमरेभोवती टेप गुंडाळली. ती फार लवकर जुळली. टेपवर होतं तेच म्हणायची जिभेला सवय राहिली नव्हती. आवाज अगदी बारीक निघाला.

"सव्वीस."

मुलीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे बत्तीस," ती म्हणाली, आणि पोट आत ओढून धरलं.