गवती चहाची गाठ

सहाव्या पिशवीला गाठ मारताना लमायचं बोट भाजलं. तिने ते माठात बुडवलं, फुंकर घातली आणि पिशवी उचलून दिव्यापुढे धरली. गळत नव्हती. आमटीच्या प्लास्टिकच्या पिशव्यांना सगळं बान लेम गाव रबर लावतं. लमाय मात्र गवती चहाचं लांब पातं वाफेवर मऊ करायची आणि त्याची गाठ मारायची. विहारात साऱ्या गावाच्या पिशव्या एकाच परातीत पडतात, त्यात आपली ओळखू यावी, एवढीच त्यातली मेख. कुणाला ओळखू यावी, ते ती बोलत नसे.

बाहेर फटफटत होतं. मिठागरांवरून खारा वारा येत होता. गल्लीच्या पलीकडे थोंगयूबाई केव्हाच पाट टाकून बसली होती. तिच्या ताटात खारवलेली अंडी होती आणि तळलेली खारी मासळी. वास असा की झोपलेला माणूस उठून बसावा.

"झालं का गं तुझं औषध शिजवून?" थोंगयूबाईने तिथूनच विचारलं.

"झालं, ताई."

"चाळीस वर्षं मिठाच्या राशी ओढल्यास आणि घरात चिमूटभर मीठ नाही! माझी सून हसते गं."

"हसू दे. दात छान आहेत तिचे."

थोंगयूबाई खुसखुसली. तेवढ्यात वळणावर चीवरं दिसली आणि दोघींनीही चपला काढून गुडघे टेकले.

सहा भिक्खू, एकामागे एक, अनवाणी. पुढे थोरले भन्ते. तिसरा तिचा मुलगा. मान वर न करताही तिला तो कळायचा. लहानपणी तो असा डुलत डुलत चालायचा की बापाने त्याचं नावच पेत, म्हणजे बदक, ठेवलं होतं. चीवर घालून अकरा वर्षं झाली, पण चाल काही सुटली नाही. नाव मात्र सुटलं. आईलाही आता ते तोंडी घेता येत नव्हतं.

पात्राचं झाकण उघडलं. तिने गरम भात घातला, वर पिशवी ठेवली. झाकण बंद झालं. तिची नजर त्याच्या पायांवर होती. घोटे सुजलेले, हाड कुठे ते दिसत नव्हतं. भिक्खूंनी आशीर्वादाचं म्हटलं, आयुष्य मिळो, कांती मिळो, सुख मिळो, बळ मिळो, आणि रांग पुढे गेली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नसतंच. रोजची भेट ती एवढीच.

नवरा मिठागरातच गेला होता. फावडं हातात, आणि बसला तो उठलाच नाही. रक्तदाब, असं डॉक्टर म्हणाले. एकुलत्या एका मुलाने रिवाजाप्रमाणे बापाच्या चितेपुढे एका दिवसासाठी चीवर घातलं. एका दिवसाचे सात झाले, सातांचा वर्षावास झाला, आणि लमायने त्याचे शर्ट घडी घालून पेटीत ठेवले. लोक म्हणाले, भाग्यवान आहेस, मुलाच्या चीवराला धरून स्वर्गात जाशील. लमायने हात जोडले. स्वर्ग मिळेल तेव्हा मिळेल; रात्री जेवायला समोर कुणी नसायचं ते नसायचंच.

दोन महिन्यांपूर्वी तपासणीची गाडी विहारात आली होती. भिक्खूंच्या दंडाला पट्टा बांधत बांधत नर्स तिसऱ्यापाशी थांबली, तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"भन्ते, हे बरं नाही. वय अडतीसच ना? मूत्रपिंडावर आलंय. मीठ निम्म्यावर आणा."

"पात्रात पडेल ते," तो हसून म्हणाला.

नर्सने हताशपणे आजूबाजूला पाहिलं. पंखा धरून लमाय तिथेच बसली होती. भिक्खूने मागायचं नाही, नको म्हणायचं नाही, हे कमी घाला आणि ते जास्त घाला असलं तर मुळीच नाही. आणि गाव आपलं पुण्याच्या हिशेबाने चांगलंचुंगलं घालतं. चांगलं म्हणजे चमचमीत आणि चमचमीत म्हणजे खारट. त्या दिवशी घरी येऊन लमायने मिठाचं मडकं, मासळीच्या खाऱ्या पाण्याची बाटली आणि जवळ्याची आंबवलेली चटणी, सगळं एका टोपलीत घालून थोंगयूबाईला देऊन टाकलं.

पहिल्या दिवशीची आमटी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. लमायने दोन घास खाल्ले आणि तिला रडू आलं. साठी उलटलेल्या बाईचा हात, तो मिठाशिवाय चालेचना. बोटं आपोआप मडक्याच्या जागी जायची आणि रिकामी परत यायची. मग तिने एकेक शोधायला सुरुवात केली. लसूण सालीसकट निखाऱ्यात काळा करायचा. सुकी मिरची खरपूस भाजायची, ठसका लागेपर्यंत. कोथिंबिरीची मुळं टाकायची नाहीत, मिरीबरोबर कुटायची. कोळिंजनाच्या चकत्या, गवती चहाचा पांढरा दांडा, लिंबाची पानं हातानेच फाडून. आणि चिंच अगदी शेवटी, उतरवता उतरवता. जिभेला फसवायला गेलं की ती रुसते, हे तिला महिन्याभरात कळलं. तिला दुसऱ्या कामाला लावायचं. आंबट येऊन गेलं की तिखट यावं, तिखटामागून वास यावा, म्हणजे ती मिठाची चौकशी करायला मोकळीच राहत नाही.

स्वतःही ती तेच खायची. दीड महिन्याने एकदा खाता खाता तिचा हात थांबला. आमटी चांगली झाली होती. अळणी असून चांगली नव्हे, चांगलीच. तिने मान वर केली, सांगायला. समोर भिंत होती.

त्याच आठवड्यात ती विहारात गेली आणि न राहवून तिने विचारलंच.

"भन्ते, आमटी... बरी असते का?"

"उपासिका आई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चवीसाठी जेवायचं नसतं."

"हो हो, खरंच की," लमाय म्हणाली. परत येताना वाटभर ती स्वतःलाच बोल लावत होती. शोभतं का या वयात, मुलाच्या तोंडून कौतुक ऐकायची हौस!

पण फक्त मुलालाच वेगळं देणं तिला बरं वाटत नव्हतं. दान देताना आपला-परका करायचा नसतो. म्हणून रोज सहा पिशव्या, सहा गाठी.

पौर्णिमेच्या उपोसथाला, व्रताच्या दिवशी, गुडघा जरा बरा होता, म्हणून ती विहारात थांबली. भिक्खूंचं जेवण झालं, आशीर्वाद झाले, बायका उरलंसुरलं वाढून घेऊ लागल्या. लमाय ताटल्या विसळायला मागे गेली. स्वयंपाकघराच्या मागे विहाराची कुत्री जेवत होती. अंगाने चांगली गुबगुबीत. फोडलेल्या पिशव्या मातीत पडल्या होत्या, आणि पिशव्यांच्या तोंडाशी हिरवी पाती. तिच्या हातच्या गाठी. न सुटलेल्या, पिशव्या खालून फाडल्या होत्या. एक, दोन, तीन. नळाशी चौथी, पायरीखाली पाचवी. पुढचं शोधायला ती थांबली नाही.

"तू कशाला आलीस इकडे?" मागून थोंगयूबाई आली. परातीतलं वाढणं तिच्याकडेच असायचं. तिचा चेहरा जरासा पडला, पण जीभ सवयीने पुढे गेली. "अगं, मी सांगणार नव्हते. रोजचंच आहे. भन्ते लोक काही बोलत नाहीत बिचारे, पण माणसंच ना शेवटी. थोरल्या भन्तेंनी एकदा घास घेतला आणि कितीतरी वेळ चावतच होते."

दोघीतिघी हसल्या. लमायही हसली.

"कुत्र्यांना तरी पचतंय ना," ती म्हणाली. "त्यांचा रक्तदाब चांगला राहील."

हशा आणखी वाढला. लमायने ताटल्या विसळल्या, पुसल्या, रचून ठेवल्या. मग ती घरी आली, दार लावलं आणि खाटेवर बसून राहिली. राग कुणावर धरायचा? थोंगयूबाईवर? ती खोटं थोडीच बोलत होती. लेकावर? त्याने कधी म्हटलं होतं, कर म्हणून? पण छातीत असं दुखत होतं, जसं चितेच्या दिवशी दुखलं होतं. दोन महिने ती पहाटे चारला उठून आमटीतून ज्याच्याशी बोलत होती, तो तिथे नव्हताच. आणि तिकडे त्याचे घोटे सुजतच जाणार होते, मासळी आणि अंडी खाऊन, बापासारखे. यातलं काही म्हणजे काही तिच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाग चारलाच आली. ती पडून राहिली. पाच वाजता उठून तिने एकटीपुरता भात लावला आणि हाताला सवय म्हणून छोट्या पातेल्यात आमटी केली. लसूण काळा करून, चिंच शेवटी. गवती चहाची पाती तोडली नाहीत. पाट बाहेर नेला नाही. दार लोटून ती दाराला पाठ लावून आत बसली.

मातीवर पावलं वाजली. पलीकडे झाकणं उघडण्या-मिटण्याचा आवाज, थोंगयूबाईचं पुटपुटणं, मग आशीर्वाद. दार बंद असलं की भिक्खू थांबत नाहीत. घरात दुखणंबाणं असेल, गरिबी असेल, कुणाला ओशाळं वाटू नये म्हणून सरळ पुढे जातात. थोरल्या भन्तेंची जड पावलं दारावरून गेली. मग दुसरी. मग ती डुलती चाल आली, आणि दारासमोर थांबली.

मागच्या तिघांची पावलं जराशी अडखळली, वळसा घालून पुढे गेली. ही दोन तिथेच.

"भन्ते," थोंगयूबाईची हाक आली, "आज उठली नाही वाटतं ती. इकडे या ना, आणखी अंडी आहेत."

भिक्षेच्या वेळी उत्तर द्यायचं नसतं. रांग लांब गेली होती, पावलं ऐकू येईनाशी झाली होती. असं रेंगाळणं बरं दिसत नाही. थोरले भन्ते विहारात गेल्यावर बोलतील, चारचौघांत बोलतील. लमायला हे सगळं ठाऊक होतं आणि बाहेर उभ्या असलेल्यालाही ठाऊक होतं.

मग पात्राचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

पाच गाठी होत्या, लमायच्या मनात आलं. मी बांधल्या होत्या सहा. मग सहावी कुणी खाल्ली?

ती उठली. गुडघा कळवळला, तिने त्याला शिवी दिली. भाताचं भांडं आणि पातेलं घेऊन पायाने दार उघडलं. तो मान खाली घालून उभा होता, उघडं पात्र दोन्ही हातांत धरून. तिने भात घातला. पिशवी नव्हती, गाठ नव्हती, म्हणून आमटी भातावर तशीच ओतली. वाफ त्याच्या तोंडावर गेली. भाजलेल्या मिरचीचा ठसका लागला त्याला, पण त्याने पात्र हलवलं नाही. पातेलं रिकामं होईपर्यंत झाकण मिटलंही नाही.

"ताजी आहे," ती कशीबशी म्हणाली. "मीठ नाही."

त्याने आशीर्वाद म्हटला. रोजचाच, आयुष्याचा आणि बळाचा. एकटा असल्यामुळे आवाज पहिल्यांदाच तिला वेगळा ऐकू आला, बापासारखा जरा घोगरा. ती हात जोडून गुडघ्यावर होती. आयुष्य मिळो, तो म्हणत होता, आणि तीही मनात तेच म्हणत होती, त्याला.

मग तो वळला आणि रांग गाठायला भराभर निघाला. सुजल्या पायांनी, डुलत डुलत.

"काय झालं गं?" थोंगयूबाई पलीकडून उठून आली. "का थांबले होते ते?"

लमायने ऐकलं नाही. ती गल्लीत दोन पावलं पुढे गेली होती.

"सावकाश जा रे, पेत," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही.

तो मागे वळला नाही. पण त्याची चाल मंदावली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत तो तसाच सावकाश चालत गेला.