शिफ्ताची बायको

लग्नाला चार वर्षं झाली, मुलगी चालायला लागली, तरी तिरुआयनेतला गावात कुणी देमलाउची बायको म्हणत नसे. "शिफ्ताची बायको आलीय, सरका गं," म्हणत पाणवठ्यावर बाया तिला वाट देत. लग्नघरी गाणाऱ्याला ती दिसली की तो एकतारी सारंगी पुढे ओढून असरेसेवर कडवं रचायचा. मग देमलाउ हातातली जवाची दारू तशीच खाली ठेवायचा.

असरेसे तिचा पहिला नवरा. जमिनीच्या तंट्यात त्याने सरदाराच्या कारभाऱ्याला गोळी घातली आणि रानात गेला. पुढे सरकारी शिपायांनी त्याला मारलं. आमच्या गोंदरच्या डोंगरात अशा माणसाला शिफ्ता म्हणतात. घाटात दबा धरून व्यापाऱ्यांना लुटतो, तोही शिफ्ताच. बंडखोर की लुटारू, ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं. असरेसेचं नाव घेताना गावाचा आवाज नेहमी अभिमानाने चढाच असायचा.

देमलाउ नांगर धरणारा साधा माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बायको चुलीपुढे गुणगुणायला लागली की तो हातातलं काम टाकून ऐकत बसायचा. हे गाणं असरेसेचंच असणार. ती गप्प बसली, तर आठवणही त्याचीच असणार. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका शनिवारी देबार्कच्या बाजारात नुरू नावाचा मिठाचा व्यापारी कुणाला तरी आपली कर्मकथा सांगत होता. "शिफ्ता," तो म्हणाला आणि थुंकला. "असरेसे म्हणायचे त्याला. चोर साला."

देमलाउने त्याला आग्रह करकरून घरी नेलं.

तिरुआयनेत कॉफीच्या बिया भाजत होती. देमलाउ म्हणाला, "सांग नुरू, बाजारात सांगत होतास ते. असरेसेचं."

नुरूने तिच्याकडे पाहिलं, मग देमलाउकडे. "ही त्याची कोण?"

"बायको होते," तीच म्हणाली. "सांगा, भाऊ."

"नको, बाई."

"सांगा. यांनी त्यासाठीच आणलंय तुम्हाला."

नुरू खाली मान घालून बोलला. "घाटात आडवे आले. खेचरं नेली, मीठ नेलं. माझा धाकटा भाऊ लगाम सोडेना, तर त्याच्या कानशिलात बंदुकीचा दस्ता घातला. त्या कानाने त्याला अजून ऐकू येत नाही."

देमलाउ तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हता. आता हिची मान खाली जाईल, आता ही त्याला शिव्या घालेल.

"त्या वर्षी आमच्याकडे मीठ पुष्कळ होतं," ती म्हणाली. "कुठून आलं, मी विचारलं नाही. तुमच्या भावाला सांगा, मला वाईट वाटलं." पहिला पेला तिने नुरूच्या हातात दिला. मग जरा थांबून विचारलं, "तेव्हा तो नीट चालत होता का हो? पायाला जखम होती त्याच्या."

"लंगडत होता," नुरू म्हणाला.

ती विस्तवाकडे वळली. देमलाउला वाटलं, कुणीतरी आपल्या छातीत निखारा ठेवला.

मग त्याने गावभर सांगितलं. दारूच्या गुत्त्यावर, मळणीवर, चर्चच्या कुंपणाशी. खेचरं, मीठ, तो कान. गावाला पटायला वेळ लागला, पण पटलं. पुढच्या लग्नात सारंगीवाल्याने दुसऱ्याच कुणावर कडवं म्हटलं. पाणवठ्यावर बाया आपापले घडे जवळ ओढू लागल्या. तिरुआयनेत सगळ्यांच्या शेवटी पाणी भरून यायची.

एका दुपारी दारूच्या गुत्त्यावर शेजारचा झेगेये म्हणाला, "देमलाउ, घरात मीठमिरची जपून ठेव बाबा. लुटारूची बायको आहे तुझी."

देमलाउची काठी झेगेयेच्या खांद्यावर बसली. झेगेयेने पेला उचलून त्याच्या कपाळावर फोडला. लोकांनी दोघांना ओढत म्हाताऱ्या पंचापुढे नेलं.

"का मारलंस?" पंचाने विचारलं.

"माझ्या बायकोच्या नवऱ्याला लुटारू म्हणाला."

लोक हसले. पंचालाही हसू आवरेना. "अरे, तूच ना सांगत फिरत होतास? मग कोण होता तो?"

देमलाउने कपाळावरचं रक्त पुसलं. "शिफ्ता होता," तो म्हणाला. आवाज जरा चढाच निघाला.

पंचाने त्याला झेगेयेची माफी मागायला लावली आणि घरी धाडलं.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. तिरुआयनेतने कोमट पाण्याने त्याचं कपाळ पुसलं.

"त्याच्यासाठी मारामारी केलीत?"

"तुझ्यासाठी."

जखमेवर लोणी लावून तिने कापड बांधलं. इतक्या हळुवार हाताने तिने त्याला कधीच शिवलं नव्हतं. देमलाउ डोळे मिटून बसला. असल्या जखमा बांधायला हा हात कुणापाशी शिकला असेल, एवढाच विचार त्याच्या मनातून जाईना.