रस्त्याकडचं दार

सुतारानं करवत थांबवली आणि पुन्हा एकदा विचारलं, रस्त्याकडे खरंच आणखी एक दार करायचं का. शाळेच्या फाटकाला चिकटून असलेली ती फळ्यांची केबिन, एक खुर्ची आणि एक माणूस मावेल एवढी. आवाराकडे उघडणारं एक दार तिला होतंच.

"दोन दारं केलीत तर वारा आत बसेल आणि तुम्ही बाहेर, आजोबा."

"मला बाहेरच बसायचंय. तू काप."

शाळेतली पोरं त्यांना फाटकआजोबा म्हणत. फाटक उघडणं, लावणं आणि घंटा देणं हे त्यांचं काम. आता त्यात आणखी एक काम आलं होतं. धर्माची खूण किंवा धर्माचा पोशाख फाटकाच्या आत चालणार नाही, असा नियम सरकारी शाळांना लागू झाला होता. मुलांना आणि नोकरमाणसांनाही. पहिल्याच सकाळी आजोबांनी आपली गोल टोपी काढून खिशात घातली. "टक्कल सरकारजमा झालं," असं ते शिपायाला म्हणाले आणि दोघं हसले. मुलग्यांचंही फारसं अडलं नाही. गळ्यातलं काढून दप्तरात टाकलं की झालं. अडलं ते डोक्याला रुमाल बांधणाऱ्या मुलींचं. त्यांना भर रस्त्यात तो सोडावा लागे आणि समोरच्या थांब्यावरचे लोक बस सोडून तेच बघत. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून, दातांत पिना धरून, गाठ सोडताना आजोबांना दिसली. त्याच दिवशी त्यांनी केबिनमधलं सामान बाहेर काढलं.

मुली रस्त्याच्या दारानं आत येतील, आडोशाला रुमाल सोडतील आणि दुसऱ्या दारानं आवारात उतरतील, असा त्यांचा बेत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, केबिनला दार कुठल्या बाजूला असावं याबद्दल वरून काही आलेलं नाही.

आरसा मात्र घरून न्यावा लागणार होता. संध्याकाळी ते तो भिंतीवरून काढत असताना नात दारात येऊन उभी राहिली. ती त्याच शाळेत आठवीत होती. लहानपणी तोंडाला विसावा नसे म्हणून आजोबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. आई गेल्यापासून तिचं बोलणं आटलं. तेव्हापासूनच ती आईचे रुमाल बांधू लागली. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाप दूरच्या बंदरात क्रेन चालवायचा, सुट्टी मिळाली की यायचा. त्यामुळे घरात दोघंच.

आरसा कशाला, तिनं विचारलं. आजोबांनी सगळं सांगितलं, जरा कौतुकानंच सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आमची डोकी उघडी करायला तुम्ही खोली केलीत."

आजोबांनी आरसा पलंगावर ठेवला. तसं नाही गं, म्हणाले.

"मी आले तर मलाही अडवाल?"

"नोकरी आहे, टिटवे."

"मग मी येत नाही. तुम्हाला अडवायला नको न् मला थांबायला नको."

आणि ती खरंच गेली नाही. आजोबा रागावले नाहीत. सकाळी तिचा डबा मात्र रोज भरून ठेवत आणि संध्याकाळी तोच डबा दोघं मिळून खात. तिची आई याच शाळेत शिकलेली. पोरीनं पुढं खूप शिकावं म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं. ती असती तर तिनं काय केलं असतं, हे आजोबा भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना सारखं मनाशी विचारत.

तिकडे केबिन चालू झाली. मुली आत गेल्या की आजोबा तिच्याकडे पाठ करून रस्त्यावर उभे राहत. बसथांब्यावरच्या एकानं मान उंचावली, तर त्याला ऐकवलं, तुमची बस त्या बाजूनं येते, राव. आतून मुलींच्या खुसखुसण्याचा आवाज येई. त्या हसण्यात आपली टिटवी नाही, हे त्यांना रोज टोचे.

शेवटी जेवताना त्यांनीच विषय काढला. बाईंना सांगून मी मागच्या सामानाच्या खोलीत काम मागून घेतो, म्हणाले. फाटकावर दुसरा कुणी येईल. तुला आपल्या माणसानं अडवलं असं व्हायचं नाही. तू शाळा सोडू नकोस.

टिटवी घास हातात धरून बसली. आजोबा केबिनकडे पाठ करून उभे राहतात, हे तिला मैत्रिणींकडून कळलं होतं.

"तो दुसरा पाठ करून उभा राहील का?"

आजोबांनी विचार केला. थाप मारता आली असती.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

उठून तिनं दोघांची ताटं घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन भरली होती. आजोबा पाठ करून रस्त्याकडे तोंडानं उभे होते. घरून निघताना टिटवी पांघरूण डोक्यावर ओढून पडलेली त्यांनी पाहिली होती. आणि आता ती वळणावरून येताना दिसली. दप्तर पाठीला. डोक्यावर काही नव्हतं. एवढा रस्ता, दुकानांवरून, थांब्यावरून, ती तशीच चालत आली होती. 'रुमाल इथं सोडून मग आत जा' हे इतर मुलींना ते रोज सांगत, ते हिला कसं सांगावं याची मनातल्या मनात जुळवाजुळव ते कधीपासून करत होते. ते तसंच राहिलं.

ती त्यांच्यासमोर थांबली.

"केबिनमध्ये गर्दी असते," ती म्हणाली. "म्हणून घरीच ठेवून आले."

"बरं केलंस," आजोबा म्हणाले. "डबा?"

"घेतलाय."

केबिनच्या दोन्ही दारांना टाळून ती मोठ्या फाटकातून आत गेली. घंटेची वेळ झाली होती. आजोबा दोरी धरून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. आवारात वारा सुटला होता. अर्ध्या वाटेवर तिचा हात झटकन कानाशी गेला, उडणारा रुमाल सावरायला. तिथं काही लागलं नाही, तसा तो क्षणभर तिथंच थांबला. मग तिनं केसांची एक बट कानामागं सारली आणि हात खाली घेतला.