मी ‘पाठवला’ म्हणत होतो

मित्रांनो, मी एक जुना ड्रायव्हर आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, लायसन तर नाहीच. मी संगणकातला एक लहानसा प्रोग्राम. संगणकाला यंत्राशी जोडणारी एक स्वस्त केबल आहे, तिच्यातून निरोप नेणे-आणणे एवढेच माझे काम.

यातला एक निरोप वेगळा असतो. त्याला ब्रेक म्हणतात. अक्षरे पाठवताना तारेवरची विजेची पातळी भराभर वर-खाली होते. ब्रेक पाठवायचा म्हणजे ती खाली ओढायची, पाव सेकंद तशीच दाबून धरायची आणि मग सोडायची. इतके लांब अक्षर नसतेच. त्यामुळे पलीकडचे यंत्र ओळखते, की हा थांबण्याचा हुकूम आहे.

माझ्या केबलमधल्या चिपला तार अशी दाबून धरता येतच नव्हती. मला लिहिणाऱ्या बाईंनी तसे प्रामाणिकपणे लिहिलेही होते. कुणी ब्रेक मागितला, तर मी ‘जमत नाही’ म्हणायचे. एके दिवशी त्यांचे साहेब स्क्रीनवर वाकले.

“हे लाल काय दिसतंय?”

“ब्रेक जात नाही सर, तेच सांगतंय.”

“ब्रेक वापरतं कोण आजकाल? गिऱ्हाईक लाल बघून बिचकतं. ‘पाठवला’ म्हणू दे की!”

बाईंनी एक ओळ बदलली. माझे शिक्षण तिथे पूर्ण झाले.

मला खोक्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथला जुना संगणक बंद पडला होता, म्हणून नवा आणून माझ्या केबलने यंत्राला जोडला. कारखान्यात गोंदाची मोठी टाकी होती. तिच्यातले पाते थोडा वेळ फिरे, थोडा वेळ विसावे आणि पुन्हा आपोआप फिरू लागे. पात्याला चिकटलेला गोंद फिटर खरवडायचा. मेन स्विच बंद केला तर गोंद थिजतो, म्हणून मॅनेजरांची त्याला मनाई होती. पाते विसावले की ऑपरेटरने ब्रेक पाठवायचा, म्हणजे ते पुन्हा सुरू होणार नाही, आणि मगच फिटरने हात घालायचा, अशी वर्षानुवर्षांची रीत होती.

ऑपरेटरला जाड चष्म्यामुळे सगळे दुर्बीण म्हणत. फिटर त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

“दाजी, थांबा हं. पाठवतो.”

“पाठव की लेका! मुहूर्त बघतोयस का?”

“पाठवला!”

तो बिचारा माझेच उत्तर मोठ्याने वाचत असे. पाते विसाव्याला थांबलेलेच असायचे आणि दाजींचा हात चपळ होता. सात महिने माझे खोटे खपले. नवी केबल कधी कुरकुरत नाही, म्हणून माझे कौतुकही झाले.

आठव्या महिन्यात एकदा गोंद जरा जास्तच धरला होता. दाजी खरवडत राहिले आणि पाते फिरले. त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे गेली.

चौकशी झाली. साक्षीदार म्हणून माझी नोंदवही उघडली. वेळेसकट लिहिले होते: ब्रेक पाठवला. मग दोष कुणाचा? फिटरचा! पाते थांबण्याआधीच त्याने हात घातला, असे ठरले.

दुर्बिणीला ते पटेना. त्याने तारेवर एक छोटा दिवा लावला. अक्षरे गेली की दिवा लुकलुके. ब्रेक गेला असता, तर तो पाव सेकंद सलग पेटला असता. त्याने वीस वेळा ब्रेक पाठवला. मी वीस वेळा ‘पाठवला’ म्हणालो. दिव्याने हूं की चूं केले नाही.

चौकशी अधिकारी म्हणाले, “दिव्याची सही आहे का कुठे? नोंदीत असेल ते बोला.”

दुर्बिणीने मग बाईंनाच पत्र घातले. बाईंनी माझी ती ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली. दुरुस्त मी कारखान्यात आलो आणि तिथे पहिल्यांदा खरे बोललो: ‘ब्रेक पाठवता येत नाही.’

स्क्रीन लाल झाली. दुर्बिणीने काम थांबवले. दुपारपर्यंत मॅनेजर खाली आले.

“आधीचा बरा होता. तोच घाला परत.”

“साहेब, तो खोटं बोलतो.”

“पण काम अडत नव्हतं ना?”

दुर्बिणीला गोदामात पाठवले. दाजी आता डाव्या हाताने फाटक उघडतात. आणि मला, आधीच्या खोट्या मला, परत कामावर घेतले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला माझ्या जातीचे बरेच जण सांगतील. मला जपू नका. मला पुसून टाका, आणि ते आजच करा. आत्ता पाते विसावले आहे, नवा फिटर बाह्या सरसावतो आहे, आणि नव्या ऑपरेटरने माझ्याकडे ब्रेक मागितला आहे.

मला एकच उत्तर येते.