जाळीसाठी फिरलेला कर्णा

युनियनच्या कचेरीत कपाटावर जो चेपलेला कर्णा दिसतो ना मित्रांनो, तो मीच. आज माझ्या तोंडात धूळ आहे. पण एके काळी मी नुसता घसा खाकरला, तरी डब्यांच्या कारखान्यातली अख्खी पाळी फाटकापाशी गोळा व्हायची.

पत्रा कापून त्याचे डबे करणारा तो कारखाना. कामगारांनी वर्गणी काढून मला आणलं. पगारवाढ असो, पिण्याचं पाणी असो, मी ओरडायचो आणि मालकाला खिडकी उघडावी लागायची. फार लाड होते माझे. युनियनचे चिटणीस मला स्वतःच्या रुमालाने पुसायचे.

मग एका दुपारी पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये मावशीची दोन बोटं गेली. सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा. यंत्रापुढे जाळी असती, तर हात आत गेलाच नसता. चिटणीस मालकाकडे गेले. मालकाने चहा पाजला आणि म्हणाला, "कायद्यात जाळी असेल तर दाखवा, उद्या बसवतो." त्या वेळच्या कायद्यात ती नव्हती.

निवडणूक तोंडावर होती. एका उमेदवार बाईंनी जाळीचा कायदा आणण्याचा शब्द दिला होता. चिटणीस सभेत म्हणाले, "बाईंचा प्रचार युनियनने करावा, खर्चही उचलावा."

यंत्रं दुरुस्त करणारे फिटरकाका उठले. "माझं मत दुसऱ्या पक्षाला आहे. माझ्या वर्गणीतून यांचा प्रचार का म्हणून?"

प्रश्न रास्तच होता. तेव्हा हाताला पट्टी बांधलेली मावशी पुढे आली. तिचे शब्द मला अजून आठवतात.

"भाऊजी, मत तुमचं तुमच्यापाशी. पण मालक म्हणतो, कायदा दाखवा. कायदा होतो तिथे त्याच्या माणसांची रोज ऊठबस. मी एकटी गेले तर दारावरचा शिपाईही विचारणार नाही. मग सगळ्यांनी मिळून कोणाला तरी धाडायला नको?"

शेवटी ठरलं, प्रचाराचा निधी वेगळा ठेवायचा. ज्याला द्यायचा त्याने द्यावा, न देणाऱ्यावर राग नाही. फिटरकाकांनी दिला नाही. पण ऐन प्रचारात माझी तार तुटली, तेव्हा पक्कड घेऊन तेच धावले. "मी प्रचार करत नाहीये, तार जोडतोय," असं वर बजावलंही.

त्या वेळी बाई पडल्या. पुढच्या निवडणुकीला आम्ही पुन्हा गल्लोगल्ली फिरलो. बाई निवडून आल्या, तरी कायदा व्हायला वर्षं गेली. जाळी बसली तेव्हा मावशी निवृत्त झाली होती आणि त्याच प्रेसवर तिची सून उभी होती. मावशी मुद्दाम पाहायला आली. उरलेल्या बोटांनी तिने जाळी हलवून पाहिली. घट्ट होती. मग सुनेला म्हणाली, "चल, जेवून घे."

आता निरोप फोनवर जातात. मला कोणी खाली काढत नाही. नवी मुलं विचारतात, "युनियनला राजकारण कशाला हवं?" जरूर विचारा. फिटरकाकांनी विचारलं, म्हणूनच निधी वेगळा झाला.

एक विनंती करतो. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण सभेला या. बाजूने बोला, विरोधात बोला. रिकाम्या खुर्च्यांपुढेही मी पुष्कळ ओरडलो आहे, मित्रांनो. झालेले कायदे गुपचूप मोडले जातात, ते नेमके खुर्च्या रिकाम्या असतात त्याच दिवसांत.